हिवाळ्यातलं आइसलंड: वीक ते हॉप्न आणि मधला वारा

गूगल मॅप आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक ते हॉप्न या गावांमधलं हे सुमारे २७० किलोमीटरचं अंतर सव्वातीन तासांत दाखवतं. त्या आकड्यावर विसंबून फेब्रुवारीतला दिवस आखला तर फसगत ठरलेली. आमचीही झाली. निघण्याआधी वाचलेल्या सगळ्या माहितीत थंडी किती, बर्फ किती, जॅकेट कोणतं यावर पानंच्या पानं होती आणि वाऱ्याला एक ओळ. प्रत्यक्षात दक्षिण किनाऱ्यावर थंडी फारशी नसते, तापमान बहुतेक वेळा शून्याच्या आसपास खालीवर होत राहतं. रस्ता बंद होतो, गाडी घसरते, दार मोडतं, बुकिंग वाया जातं ते वाऱ्यामुळे. म्हणून इथे बहुतेक वाऱ्याबद्दलच लिहितो आहोत. गरम कपडे, वॉटरप्रूफ बूट आणि मायक्रोस्पाइक्स (बर्फावर चालायला बुटांवर चढवायचे खिळे) तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो.

आमचा मार्ग रेक्याविक, वीक, स्काफ्ताफेत्ल, योकुल्साउरलोन हे हिमखंडांचं सरोवर, हॉप्न आणि त्याच रस्त्याने परत असा, एकूण सात दिवसांचा. पाच दिवसांत हे करू नका. सहा दिवसांत होतं, पण वाऱ्याने एक दिवस खाल्ला की सगळं कोलमडतं.

वाऱ्याचा हिशोब आधी समजून घ्या. आइसलंडमध्ये वेग मीटर प्रतिसेकंदात सांगतात. त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात, म्हणजे २० चे ७२ आणि ३० चे १०८. पण हवामान खात्याच्या नकाशावर दिसतो तो सरासरी वेग. गाडी ढकलतात ते झोत, आणि डोंगराच्या पोटाशी झोत सरासरीच्या दीडपट ते दुप्पट असतो. नकाशावर १५ दिसलं तर साध्या पठारावर गाडी चालते, पण स्काफ्ताफेत्लच्या पुढच्या ओराइवीच्या पट्ट्यात तेव्हाच ३० चा झोत बसू शकतो. आमचा नियम असा ठरला: सरासरी १५ च्या खाली असेल तर निघायचं, १५ ते २० मध्ये झोतांचे आकडे बघून ठरवायचं, २० च्या वर मुक्काम हलवायचा नाही. हायरूफ व्हॅन किंवा कॅम्परव्हॅन असेल तर प्रत्येक आकड्यातून ५ वजा करा. हिवाळ्यात कॅम्परव्हॅन घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

ओराइवीच वाईट का, हे जागेवर उभं राहिलं की कळतं. व्हातनायोकुल हिमनदीच्या दक्षिण टोकाला ओराइवायोकुल हा ज्वालामुखी २,११० मीटर उंच आहे आणि त्याचा पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला. मध्ये टेकड्या नाहीत, झाडी नाही. उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा हिमनदीवरून येतो आणि या भिंतीवरून खाली रस्त्यावर कोसळतो. सांडफेल, होफ, क्विस्केर ही नावं नकाशावर खूण करून ठेवा. स्काफ्ताफेत्ल ते योकुल्साउरलोन हे ५७ किलोमीटर म्हणजे हाच पट्टा. त्याआधी लोमाग्नुपुरच्या कड्याखाली आणि त्याहून अलीकडे, वीकच्याही आधी, एयाफ्योल डोंगराच्या पायथ्याशी असेच झोत मिळतात. एयाफ्योलजवळ ओळखायची एक सोपी खूण आहे. पावसाळ्यात नाणेघाटाच्या कड्यावरून पाणी उलटं वर उडताना पाहिलं असेल. तिथल्या कड्यांवरचे धबधबे तसे वर उडताना दिसले तर पुढचे दहा-पंधरा किलोमीटर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ५० च्या वेगाने काढायचे. कड्याच्या आडोशातून बाहेर येताना आणि समोरून ट्रक गेल्यावर गाडी एकदम बाजूला सरकते. त्या क्षणी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग झटक्याने वळवायचं नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा.

रस्त्याकडेला ठिकठिकाणी इलेक्ट्रॉनिक फलक आहेत, त्यांवर तापमान, वाऱ्याचा वेग आणि झोत दिसतो. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरातून निघताना तीन गोष्टी उघडायच्या: रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस, हवामानासाठी वेदुर डॉट आयएस, इशाऱ्यांसाठी सेफट्रॅव्हल डॉट आयएस. सकाळी एकदा बघून भागत नाही, दर दोन तासांनी बघा. रस्त्याच्या नकाशावर इंग्रजी असतं, पण स्थानिक लोक बोलतात ते दोन शब्द माहीत असू द्या: 'हाउल्का' म्हणजे निसरडं, 'फ्लुगहाउल्का' म्हणजे काचेसारखा बर्फ. फ्लुगहाउल्का आणि १५ चा वारा एकत्र आले तर उभी केलेली गाडीसुद्धा बाजूला घसरत जाते. असा दिवस हॉटेलात काढायचा, चर्चा करायची नाही. 'लोकाद' म्हणजे बंद. बंद रस्त्यावर फाटक ओलांडून गाडी घातली तर भाडेकराराप्रमाणे विमा लागू होत नाही. तुम्हाला काढायला येतात ते बचाव पथकाचे स्वयंसेवक. नोकरीधंदा सोडून, त्याच वाऱ्यात. शंका असेल तर रस्ते विभागाचा १७७७ हा क्रमांक आहे, आणीबाणीला ११२.

आता दार. या सगळ्या प्रवासात पैशाचं सगळ्यात मोठं नुकसान गाडीच्या दाराने होतं, आणि काउंटरवर याबद्दल कुणी धड सांगत नाही. तिथे वाळू-राखेचा विमा, खडीचा विमा, टायरचा विमा एकामागोमाग विकले जातात. नावामुळे वाटतं की वाळूच्या विम्यात वारा आलाच. येत नाही. तो वाळूने खरवडलेला रंग, काच आणि दिवे यांच्यापुरता असतो. वाऱ्याने उलटं फिरलेलं दार बहुतेक मूळ करारांत स्पष्टपणे वगळलेलं असतं. बिजागरी वाकते, दाराची कड पुढच्या फेंडरमध्ये घुसते, दार पुन्हा लागत नाही, आणि बिल रुपयांत लाखांवर जातं. काही कंपन्या वाऱ्याचं संरक्षण वेगळं देतात. सही करण्याआधी करारात 'वारा' आणि 'दार' हे दोन शब्द शोधा, सापडेपर्यंत काउंटर सोडू नका. गाडी ताब्यात घेताना चारही दारं उघडून बिजागऱ्यांचे आणि फेंडरच्या कडांचे फोटो काढा.

दार उघडण्याची पद्धत गाडीतल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवा. गाडी उभी करताना नाक वाऱ्याकडे करायचं, म्हणजे वारा दार बंद करायला बघतो. पाठीमागून वारा असेल तर तो दार हिसकावून पुढे फेकतो, आणि दाराचा अडकाव तेवढा जोर सोसायला बनवलेला नसतो. आधी काच दोन बोटं खाली घ्यायची, मग एका हाताने आतलं हँडल आणि दुसऱ्याने काचेच्या वरून दाराची चौकट पकडायची, आणि वीतभर उघडून जोर किती आहे ते बघायचं. एका वेळी एकच दार. समोरासमोरची दोन दारं उघडली तर आतले पासपोर्टसुद्धा उडून जातात. डिकीचं झाकणही तसंच, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने सामान काढायचं. मुलांना आतून दार उघडता येणार नाही अशी चाइल्ड लॉकची खीळ लावून टाका.

टायर खिळ्यांचेच मागा. फोर बाय फोर गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. बर्फावर थांबवतात ते खिळे. महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असल्याने चालतं, तरी आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा. गाडी उजव्या बाजूने चालवायची असते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनाही पहिल्या दिवशी राउंडअबाउटवर गोंधळायला होतं. डांबरी रस्त्यावर कमाल वेग ९० आहे, हिवाळ्यात ७० पुरे. रस्त्याला बहुतेक ठिकाणी कडेची पट्टी नाही आणि रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आहे, त्यामुळे फोटोसाठी कडेला थांबणं म्हणजे मागून येणाऱ्याच्या वाटेत थांबणं. आग्नेय भागात एकेरी पूल बरेच आहेत. जो पुलाच्या जवळ आधी पोचतो तो आधी जातो, पण समोरचा थांबेल असं गृहीत धरू नका. पुलावरचं पाणी रस्त्यावरच्या पाण्याआधी गोठतं.

पेट्रोल वीक, क्लाउस्तुर, फ्रेइस्नेस आणि हॉप्नला मिळतं. योकुल्साउरलोनला पंप नाही. टाकी अर्धी झाली की भरायची, कारण रस्ता बंद झाला तर त्याच पेट्रोलवर हीटर चालवत बसावं लागतं. पंपावर माणूस नसतो, पिन असलेलं कार्ड लागतं, आणि 'टाकी फुल' निवडलं तर कार्डावर मोठी रक्कम अडकून राहते. ठरावीक रकमेचा पर्याय निवडा. पार्किंगला बहुतेक ठिकाणी फाटक नाही, कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. त्याच दिवशी अ‍ॅपवर पैसे भरले नाहीत तर पावती गाडीच्या कंपनीकडे जाते आणि ती त्यावर स्वतःचा आकार लावून तुमच्या कार्डातून घेते.

रेक्याविक आणि थिंगवेत्लिर, गेसिर, गुलफॉस हे दोन दिवस सोपे आहेत, त्यावर माहिती हवी तेवढी मिळते.

वीकजवळच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्याबद्दल मात्र बजावून सांगायचं आहे. पार्किंगपाशी धोक्याचे दिवे आहेत. लाल असेल तर किनाऱ्यावर उतरू नका, पिवळा असेल तर फलकावर दाखवलेल्या रेषेच्या अलीकडे राहा. तिथे अधूनमधून एक लाट आधीच्या सगळ्या लाटांपेक्षा खूप आत येते, आणि काळ्या खड्यांवर पाय टिकत नाही. माणसं मेली आहेत, एकदा नाही, अनेकदा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

वीकच्या पुढे मिर्दाल्ससांदुर आणि क्लाउस्तुरच्या पुढे स्केइदारारसांदुर ही काळ्या वाळूची मैदानं आहेत. जमिनीवर बर्फ नसेल आणि हवा कोरडी असेल तर इथे वाळूचं वादळ उठतं आणि काचेचा काचकागद होतो. स्केइदारारसांदुरवरच्या नद्यांनी हा रस्ता इतका काळ अडवला होता की देशाला फेरी घालणारा मार्ग १९७४ साली पुरा झाला. १९९६ मध्ये हिमनदीखालच्या ज्वालामुखीमुळे पूर आला आणि पूल वाहून गेला. त्याचे पिळवटलेले लोखंडी गर्डर स्काफ्ताफेत्लच्या अलीकडे रस्त्याकडेला ठेवले आहेत. तिथे पाच मिनिटं नक्की थांबा. मांडीएवढं जाड लोखंड ओल्या कपड्यासारखं पिळलेलं आहे.

योकुल्साउरलोनला सकाळी पोचा. आमच्या मते सबंध देशात याच्याइतकं सुंदर काही नाही. निळे हिमखंड खाडीतून समुद्रात जातात आणि लाटा त्यांचे तुकडे समोरच्या काळ्या किनाऱ्यावर आणून टाकतात. हिवाळ्याचा सूर्य आडवा असतो, तो त्या तुकड्यांतून आरपार येतो. यासाठी वरचा सगळा त्रास पुन्हा सोसायची आमची तयारी आहे. बर्फाच्या गुहा साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि फक्त गाइडबरोबर. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेइदामेरकुरयोकुल हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला, तेव्हा स्वतःहून कुठल्याही पोकळीत शिरू नका. पाऊस किंवा उष्ण वारा आला की सहल रद्द होते. म्हणून ती पहिल्या संधीला ठेवा, म्हणजे दुसरी संधी हातात राहते. त्या रात्रीचा मुक्काम योकुल्साउरलोनच्या दोन्ही बाजूंना चालेल, पण आदल्या रात्री ओराइवी पार झालेला असू द्या. पहाटे अंधारात तो पट्टा ओलांडून नऊची सहल गाठायचं ठरवलं की माणूस नको त्या वाऱ्यात निघतो.

उजेडाचं गणित महिन्यावर आहे. २१ डिसेंबरला रेक्याविकमध्ये जेमतेम चार तास दिवस असतो, फेब्रुवारीच्या मध्याला नऊच्या आसपास. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हाच आमचा सल्ला. उत्तररंगांसाठी (नॉर्दर्न लाइट्स) हवामान खात्याच्या ढगांच्या नकाशात हिरवा म्हणजे ढग, पांढरा म्हणजे मोकळं आकाश. अनेक जण उलटं वाचतात आणि हिरव्याकडे गाडी हाकतात. त्यासाठी रात्री दूर जाऊ नका, मुक्कामाच्या दिव्यांपासून चालत पाचशे मीटर पुरतात.

खाण्याचं सामान रेक्याविकला किंवा वीकच्या सुपरमार्केटमध्ये भरून घ्या. भडंग, इन्स्टंट उपमा आणि थर्मासमधलं गरम पाणी गाडीतच ठेवा, डिकीत नाही, कारण वाऱ्यात डिकी उघडता येत नाही.

हॉप्नच्या पुढे पूर्वेचे फ्योर्ड, मग एगिल्सस्तादिर ते मिवात्न हे दीडशेहून अधिक किलोमीटरचं ओसाड पठार आणि आकुरेइरी अशी पूर्ण फेरी हिवाळ्यात करायची असेल तर दहा दिवस हवेत, त्यातले दोन कोरे. तेवढे नसतील तर हॉप्नहून मागे फिरा.

आणि परतीची शेवटची रात्र वीकला ठेवू नका. रेक्याविक किंवा केफ्लाविकला ठेवा. विमानतळाचा रस्ता सपाट आणि रुंद आहे, पण वादळात तोही बंद होतो. विमान दुपारचं असेल तर सकाळी आठला उम्फेर्दिन उघडा, गाडी परत द्यायला जाताना टाकी भरा, आणि काउंटरच्या माणसासमोर चारही दारं उघडून लावून दाखवा.