यमू

आज आईचं पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हाती लागली. आवरणं तिथेच राहिलं. फरशीवरच बसले, दिवेलागण झाली तरी वाचतेच आहे.

नायिका म्हटलं की मला आधी यमू आठवते. माजघरात शेजारी बसून हळू आवाजात सांगावी, तशी ती आपली कर्मकहाणी स्वतःच सांगते. १८९० च्या सुमारास एका पुरुषाने हा बाईचा ‘मी’ लिहिला, याचं दर वेळी नवल वाटतं. नवऱ्याच्या, रघुनाथरावांच्या, सोबतीने तिचं लिहायला-वाचायला शिकणं, मुंबईतले सुखाचे थोडे दिवस... त्या पानांवर मी मुद्दाम रेंगाळते, कारण पुढचं ठाऊक असतं. रघुनाथराव जातात आणि यमूचं केशवपन बळजबरीने केलं जातं. ते प्रकरण मला आजही सलग वाचवत नाही.

तिची मैत्रीण दुर्गी, तिच्यावर एकदा वेगळं लिहायचंय.

मघाशी आई डोकावली. पुस्तक बघून म्हणाली, “मुंबईला पोचली का गं यमू?”

“आत्ताच.”

“मग तिथेच थांब जरा,” म्हणाली आणि शेजारी बसली.