माळवदावरची माती

आमचं शेतातलं घर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, पण १९९३च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या किल्लारीपासून बरंच लांब. काळ्या दगडाचं, माळवदाचं म्हणजे मातीच्या सपाट छताचं, अडीच फुटांच्या भिंतींचं. पाहुणा आला की भिंतीवर थाप मारून म्हणणार, "काय मजबूत काम!" दुसरीकडे दगडाची इतकी धास्ती घेतलेली माणसंही आमच्या भागात आहेत, की भूकंपानंतर ती वर्षानुवर्षं पत्र्याखालीच झोपली. मला दोघांचंही पटत नाही.

यंदा भावाने मागच्या भिंतीला दार पाडायला काढलं. गवंड्याने वरचे दगड उतरवले आणि मला हाक मारली. "ताई, ही भिंत एक न्हाय, दोन हायत."

खरंच दोन. बाहेरून घडीव दगडांची, आतून ओबडधोबड दगडांची, आणि मधल्या पोकळीत माती नि कपच्या कोंबलेल्या. दोन्हींना बांधून ठेवणारा आरपार दगड तेवढ्या भागात एकही सापडला नाही. अशी भिंत हादरली की तिचं बाहेरचं अंग बाहेर फुगतं, आतलं आत येतं.

वर माळवद: तुळया, त्यांवर आडवे सर, किलच म्हणजे लाकडी फळकुटं, पाला आणि पांढरी माती. गळू नये म्हणून मृगाच्या आधी नवी माती टाकायची, ही आजोबांची शिस्त. जुनी कोण काढणार? कडेला उकरलं तर राखाडी-पिवळसर पट्टे एकावर एक, मधे कुठे कडब्याचा तुकडा. जाडी दोन फुटांच्या पुढे. फूटभर माती म्हणजे चौरस फुटाला पन्नास किलोच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीवर फुटाला पाच टन, तर आमच्या डोक्यावर दहा. मे महिन्यात घर गार लागायचं ते याच मातीमुळे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला हादरा. लातूर-उस्मानाबादकडची सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली कितीतरी असल्याच भिंती-माळवदांखाली. आमचा एक कोपरा तेवढा उतरला. आजी श्रेय खंडोबाला द्यायची. मी किल्लारीपासूनच्या अंतराला देते, आणि थोडं सागवानी खांबांना, कारण माळवदाचा भार भिंतींपेक्षा त्यांच्यावर जास्त.

भाऊ म्हणतो, पाडू आणि स्लॅब टाकू. पाडून नीट बांधणार असेल तर बोलणं वेगळं. पण त्याचा बेत नुसतं माळवद पाडून याच मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर स्लॅब चढवायचा आहे, आणि तसली घरं गावात दिसतातही! भूकंपानंतर दुरुस्तीचे जे उपाय सांगितले गेले ते याहून साधे होते. माती उतरवा. भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून, वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरा, म्हणजे आरपार दगडाचं काम होतं. खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या.

माती उतरवायला सुरुवात झाली आहे. ट्रॉलीच्या खेपा चालू आहेत. धान्य साठवायचं बळद बुजवायचं का, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.