शब्दकोशाचा खेळ मराठीत जमवताना

एकाच्या हातात शब्दकोश असतो. बसलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नसेल असा एक शब्द तो शोधून काढतो आणि मोठ्याने सांगतो. बाकीचे जण त्या शब्दाचा खोटा, पण पटेल असा अर्थ चिठ्ठीवर लिहून देतात. कोशवाला खरा अर्थ तशाच चिठ्ठीवर उतरवतो, सगळ्या चिठ्ठ्या मिसळतो आणि एकेक वाचून दाखवतो. यातला खरा कोणता, हे बाकीच्यांनी ओळखायचं. इंग्रजीत हा खेळ घरोघर चालत आला आहे. फिक्शनरी हे त्याचं एक नाव. १९८४ साली कॅनडात तो बाल्डरडॅश या नावाने खोक्यात घालून विकायला आला, आणि त्याच्याही आधी, १९६५ पासून, बीबीसीवर याच कल्पनेचा कॉल माय ब्लफ हा कार्यक्रम होता. माझी भाची हॉस्टेलवर हा खेळ शिकली आणि सुट्टीत आली तेव्हा नाशिकला पंचवटीतल्या आमच्या घरी घेऊन आली.

दिवस पावसाचे होते. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलेलं, वीज सारखी जात-येत होती. निफाडकडची आत्या मुक्कामाला होती, शेजारचे काका-काकू येऊन बसले होते. भाचीने तिचा इंग्रजी कोश काढला. मुलांना मजा आली, मोठी माणसं मात्र बाजूला पडली. आत्या दोन डाव बघत बसली आणि म्हणाली, "अगं, हेच मराठीत खेळा की. आम्ही पण येऊ."

तेव्हापासून हा खेळ मराठीत नीट बसवायचा मी ध्यासच घेतला.

पहिला प्रश्न कोशाचा. घरात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश होता. १८३१ ची पहिली आवृत्ती, १८५७ ची वाढवलेली दुसरी आणि त्यात साठ हजारांच्या घरातले शब्द. नुसता चाळायला घेतला तरी हातातून सुटत नाही. पण या खेळाला तो चालेना. त्यातले अर्थ इंग्रजीत आहेत, त्यामुळे खरा अर्थ कोशवाल्याला बसल्या जागी मराठीत करावा लागतो, आणि असं घाईत केलेलं मराठी ऐकताक्षणी वेगळं पडतं. बाकीचे अर्थ घरगुती बोलीत आणि मध्येच एक अडखळत येणारं वाक्य. खरा अर्थ कोणता ते लहान मूलही सांगेल.

मग दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाकडे वळलो. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले त्याचे सात भाग आणि १९५० ची पुरवणी. मोल्सवर्थ आणि हा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चाळता येतात. पण या खेळासाठी शब्द छापील पुस्तकातूनच काढावेत, असं माझं ठाम मत झालं आहे. पडद्यावर आपण माहीत असलेलाच शब्द शोधतो. पुस्तक कुठेही उघडलं तरी कधी न ऐकलेले दहा शब्द पुढ्यात येतात. मी सार्वजनिक वाचनालयात बसून वहीत शब्द उतरवून आणायला लागलो. हे वाचनालय १८४० चं. बाहेर गावाची वर्दळ आणि आत आपण एका पानावरच्या तीस-चाळीस जुन्या शब्दांशी एकटे. त्या तासांचा मला खेळाइतकाच लळा लागला.

दाते-कर्व्यांच्या कोशाला स्वतःची एक बोलण्याची रीत आहे. आधी लिंग: पु., स्त्री., न. मग कंसात प्रदेश: कोंकणातला, वऱ्हाडातला, गोव्याकडचा. मग अर्थ एक, अर्थ दोन. मध्येच ज्ञानेश्वरीतली एखादी ओवी आणि शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती, संस्कृत की फारसी की देशी. ही रीत अंगात भिनली की खोटा अर्थ लिहिता येतो. आमच्यात सुरुवातीला सगळे गमतीदार अर्थ लिहायचे. हसू यायचं, पण मत कुणी देत नसे. कोश कधी हसवायला लिहिलेला नसतो, हे ऐकणाऱ्याच्या कानाला कळतं. मतं मिळतात ती कोरड्या अर्थाला. "एक प्रकारचे गवत." "गाडीच्या चाकाचा एक भाग." "लग्नातील एक विधी." त्यातही "एक प्रकारचे" या दोन शब्दांत फार बळ आहे.

'कोळवे' हा शब्द आला तो डाव सांगतो. चिठ्ठ्या वाचल्या गेल्या त्या अशा. विझलेल्या कोळशांचा ढीग. कोळ्याने सोडून दिलेले जुने जाळे, जळमट. (कों.) मासे वाळत घालण्याची लहान चटई. धान्य मोजण्याचे एक लहान माप, अर्धे चिपटे. चटईवर जवळजवळ सगळी मतं पडली. ती काकूंची चिठ्ठी होती, आणि त्यात 'कों.' घालायची युक्तीही त्यांचीच. खरं म्हणजे कोळवे हे माप. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. काकूंनी 'कोळी' ऐकला आणि सगळ्यांना समुद्राकडे घेऊन गेल्या. शब्दाचा आवाज माणसाला कुठे नेईल हे ज्याला आधी सुचतं, तो या खेळात जिंकतो. मी स्वतः आता अर्थ सुचवण्याआधी शब्द दोन-तीनदा पुटपुटतो आणि इतरांच्या मनात पहिलं काय येईल त्याचा अंदाज घेतो. मग त्या पहिल्या अर्थाच्या शेजारचा अर्थ लिहितो. अगदी तोच लिहिला तर तो फार सोपा वाटतो आणि लोक सावध होतात.

याच्या उलट झालं 'औट'च्या वेळी. कोश काकांच्या हातात होता. उंटाच्या पाठीवरचं वशिंड, औताची शेतातली एक फेरी, काढा आटल्यावर उरलेला भाग, असे एकाहून एक सरस अर्थ आले. त्यांच्यामध्ये एक चिठ्ठी होती: "वि. साडेतीन." तिला एकही मत पडलं नाही. साडेतीनला कुठे वेगळा शब्द असतो का, असं सगळ्यांनी धरलं. काकांनी कोश फिरवून दाखवला तेव्हा एकदम गलका झाला, कारण औट घटकेचं राज्य ही म्हण सगळ्यांच्या तोंडात होती! घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचं, हा हिशेब आजवर कुणी केलाच नव्हता. काकांनी पुढे औटकी म्हणून दाखवली. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्याबरोबर साडेतीनचाही पाढा पूर्वी शाळेत पाठ करून घेत. दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. काकू म्हणाल्या, मग आपल्या साडेतीन शक्तिपीठांतलं वणीचं ते अर्धं, तुळजापूर, कोल्हापूर, माहूर ही तीन पूर्ण, म्हणजे औटच की! पुढचा डाव सुरू व्हायला बराच वेळ लागला, आणि घाई कुणालाच नव्हती.

गुणांची पद्धत आम्ही अशी ठेवली आहे. खरा अर्थ ओळखला तर दोन गुण. तुमच्या खोट्या अर्थाला पडलेल्या प्रत्येक मताचा एक गुण. खरा अर्थ कुणालाच ओळखता आला नाही तर कोशवाल्याला तीन. एखाद्याची चिठ्ठी चुकून खऱ्या अर्थाच्या जवळ गेली तर कोशवाला ती बाजूला काढतो आणि त्याला तीन गुण देतो. दर डावाला कोश पुढच्या माणसाकडे जातो.

वाचण्याची कला मात्र नियमात बसत नाही. कोशवाल्याने चिठ्ठ्या आधी मनातल्या मनात वाचून घ्याव्यात. दुसऱ्याचं अक्षर लागलं नाही आणि तो अडखळला की ती चिठ्ठी खोटी, हे लगेच कळतं. स्वतःच्या हातची चिठ्ठी तो सरसर वाचतो, म्हणजे ती खरी. म्हणून आम्ही एकाच वहीचे कागद आणि शिसपेन्सिली वापरतो आणि चिठ्ठ्या निकाल लागेपर्यंत कुणाला दाखवत नाही. याला आणखी एक कारण आहे. दाते-कर्व्यांचा कोश जुन्या शुद्धलेखनाचा, त्यात 'कोळवें', 'चाडें' असे अनुस्वार डोक्यावर. १९६२ च्या नियमांनी ते गेले. कोशातून जशीच्या तशी उतरवलेली चिठ्ठी डोळ्यांना दिसली की पकडली जाते. कानाला ती कळत नाही.

भाचीने एकदा डॉर्डची हकिकत सांगितली, ती या खेळाच्या प्रत्येक बैठकीत सांगावी अशी आहे. वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' हा शब्द छापला गेला, अर्थ घनता. असा शब्द जगात नव्हता. घनतेसाठी मोठा डी किंवा लहान डी हे अक्षर वापरतात, अशा नोंदीची चिठ्ठी होती; इंग्रजीत 'डी ऑर डी' हे एकत्र वाचलं गेलं आणि शब्द तयार झाला. १९३९ साली एका संपादकाच्या ते लक्षात आलं, आणि तो शब्द पूर्णपणे निघायला आणखी काही वर्षं गेली. त्याला उच्चार होता, व्याकरण होतं, अर्थ होता. कोशाच्या रीतीत बसलं की माणसं मान डोलावतात. आमचा खेळ उभा आहे तो याच गोष्टीवर.

मराठीत सगळ्यात अवघड गेलं ते सर्वांना अनोळखी शब्द शोधणं. इंग्रजी खेळात साधारण सगळ्यांचा शब्दसाठा एकसारखा असतो. आमच्या घरात तसं नाही. काका जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढले, त्यांना तक्तपोशी म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, हे विचारावं लागत नाही. काकूंना ओगराळं ठाऊक आहे, वरण-भात वाढायचं उभ्या दांड्याचं. मुलांना यातलं काहीच नाही. म्हणून नियम केला: ज्याला शब्द माहीत असेल त्याने लिहिण्याआधी हात वर करायचा, कोशवाला दुसरा शब्द काढेल.

मी 'चाडं' काढला तेव्हा आत्याचा हात वर गेला. डाव तिथेच संपला, पण तिला सांगितल्याशिवाय राहवेना. पाभरीवर, म्हणजे पेरणीच्या औजारावर, बसवलेलं लाकडी वाडगं म्हणजे चाडं. त्याच्या भोकांतून बी खाली नळ्यांत जातं आणि नळ्यांतून फणांच्या मागे मातीत पडतं. पाभरीमागे चालता चालता मुठीतून बी कसं सोडायचं, ते तिने उभं राहून करून दाखवलं. मूठ सैल झाली तर दाट पडतं, आवळली तर ओळ रिकामी जाते. भाचीने तिथेच वहीत चाडं, पाभर, नळे, फण लिहून घेतलं. अशा वेळी गुण बुडाले तरी चालतील, असं मला वाटतं. आता आम्ही हात वर करणाऱ्यालाही एक गुण देतो, मात्र त्याने तो शब्द कुठे, कुणाच्या तोंडून ऐकला हे सांगायला हवं. या एका नियमाने आमच्या बैठकीचं रूप पालटलं. पूर्वी मोठी माणसं शब्द माहीत असला तरी गप्प बसून दोन गुण मिळवायची. आता ती बोलायला लागली.

कुणाला सुरू करायचं असेल तर पाच ते सात जण बरे. त्याहून कमी असले तर मतं विखुरत नाहीत, आणि जास्त असले तर शेवटची चिठ्ठी वाचेपर्यंत पहिली विसरते. झाडांची आणि औषधी वनस्पतींची नावं टाळा. त्यांचा खरा अर्थ "एक वनस्पती" एवढाच निघतो आणि डाव पडतो. क्रियापदं जरूर घ्या. ती लिहायला कठीण जातात, पण त्यांच्यावर बेतलेल्या थापा ऐकायला फार सुरेख असतात.

एका गोष्टीवर आमच्यात अजून वाद आहे. सगळ्यांना माहीत असलेल्या शब्दाचा माहीत नसलेला अर्थ विचारावा का? मी मागे 'खण' सुचवला. चोळीचा खण सगळ्यांना ठाऊक, टेबलाचा खणही. पण दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे खण, आणि त्यावरून वाडा किती खणांचा हे मोजत, हे मुलांना नवीन होतं. माझ्या मते असे शब्द घ्यायलाच हवेत, कारण रोजच्या शब्दाच्या पोटात इतकं काही दडलेलं असतं याचा पत्ताच नसतो. आत्याचं म्हणणं, हे कोशवाल्याला फार सोपं जातं. ओळखीचे अर्थ डोक्यातून जात नाहीत, आणि लिहिणाऱ्याला नवी थाप सुचायला जागा उरत नाही. काका तिच्या बाजूने, भाची माझ्या. पुढच्या बैठकीला पहिला कोश आत्याकडे आहे, त्यामुळे निदान त्या डावापुरता तिचा नियम चालेल.