दगड पावला तर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या आजोबांच्या फ्रिजवर एक कागद लागतो. वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापलेला, चार कोपऱ्यांना चार चुंबकं. त्यावर सायकल शर्यतींची नावं, तारखा, आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामी रेघ. जिंकणार कोण, ते त्या रेघेवर पेन्सिलीनं लिहायचं. पेन चालत नाही, कारण एप्रिल उजाडेपर्यंत तिथलं नाव निदान दहा वेळा खोडलं जातं.

बेल्जियममधल्या गेंटला राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मला ती वाणसामानाची यादी वाटली होती. मेनेरना (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला असंच हाकारतात) मी विचारलं, "काय काय आणायचंय? मी बाजारात चाललेच आहे." ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मग त्यांनी मलाही बसवलं, कॉफी दिली, आणि दीड तास बेल्जियम समजावून सांगितलं. राजा, सरकार, भाषेची भांडणं यांतलं काही नाही. नुसते दगड.

इथला हिवाळा थंडीपेक्षा करड्या रंगानं छळतो. नोव्हेंबरात आभाळ जे खाली येतं ते तिथेच टेकून बसतं. बागेत काही फुलायच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावरच्या शनिवारी, आमच्या शहरातून ओमलोप नावाची शर्यत सुटते. दगडी रस्त्यांच्या मोसमाची ही बोहनी. आता तिच्या नावात 'न्यूसब्लाड' हे वर्तमानपत्र आहे, पण मेनेर अजून 'हेट फोल्क'च म्हणतात. 1945 ला सुरू झालेली ही शर्यत कित्येक वर्षं 'हेट फोल्क' या दुसऱ्या वर्तमानपत्राच्या नावानं चालायची, 2009 ला नाव बदललं. आपल्याकडे जुना मुंबईकर जसा शेवटपर्यंत व्हीटीलाच उतरतो, तसंच हे. 2004 ला बर्फामुळे ती रद्द झाली होती. ते वर्ष मेनेर असं सांगतात, की जणू बर्फ त्यांच्या एकट्याच्या अंगणात पडला.

ओमलोपच्या दुसऱ्या दिवशी क्यूर्नची शर्यत. मग मधे काही आठवडे जरा सामसूम. तेवढ्यात सायकलपटू इटलीबिटलीत जाऊन येतात, पण आमच्या गल्लीत त्याला कुणी मोसम म्हणत नाही. मार्च संपता संपता मात्र हारेलबेकेची ई-थ्री, वारेगेमची द्वार्स दोर फ्लाँदरेन अशी रीघ लागते, आणि एका रविवारी रोंदे. रोंदे म्हणजे फ्लाँडर्सची (बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या उत्तर भागाची) फेरी, 1913 सालापासूनची. लोक तिला महापूजाच म्हणतात. चर्चमधल्या मोठ्या पूजेचाच शब्द तिला लावलाय. पुढच्या रविवारी सीमेपलीकडे फ्रान्समध्ये पॅरिस-रूबे. तिथे कागद संपतो.

तर दगड. फ्लेमिश लोक त्यांना लाडानं 'किंदरकोप्येस' म्हणतात, म्हणजे पोरांची डोकी. आकार अगदी तसाच, वरून गोलसर आणि गुळगुळीत. दोन डोक्यांमधली फट मातीनं भरलेली, कुठे शेवाळ, कुठे बीटच्या शेतातून ट्रॅक्टरनं आणलेला चिखल. मधला भाग उंच, कडा उतरत्या. म्हणून सायकलवाले कडेच्या मातीच्या पट्टीसाठी जीव टाकतात. ती वीतभर जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर हाडं मोजत जायचं.

एकदा मी रोंदेच्या वाटेवरचा पातरबर्ग चढायला गेले होते. चढ सगळा 360 मीटरचा. एवढं तर मी पुण्यात भाजी आणायला चालते. पण शेवटी शेवटी तो 20 टक्क्यांपर्यंत उभा होतो, आणि माझी सायकल बाजारहाटाची, मागे कॅरिअरवर डबा. तिसाव्या मीटरला घंटीची वाटी उडाली. पन्नासाव्याला डब्याचं झाकण. शंभराव्याला मी उतरले आणि मागे पाहिलं, तर पोह्यांची एक पिवळी रेघ माझ्या मागोमाग चढ चढत आली होती. एक गोरापान पोरगा सर्रकन बाजूनं वर गेला आणि जाता जाता ओरडून काहीतरी धीर देऊन गेला. मनगटं दोन दिवस बधिर होती. तेव्हा कळलं, टीव्हीवर जे डांबरासारखं सरकताना दिसतं ते प्रत्यक्षात जात्यासारखं असतं.

जवळच्याच कोपनबर्गच्या चढावर तर शर्यतीतले सायकलपटूही सायकली खांद्यावर घेऊन चालतात. 1987 ला येस्पर स्किबी नावाचा डॅनिश गडी तिथे पडला, आणि मागून येणारी शर्यतीच्या अधिकाऱ्यांचीच गाडी त्याच्या सायकलवरून गेली. तो चढ मग 2002 पर्यंत रोंदेतून बाद.

मी ज्या शहरात वाढले तिथे रस्त्यात वर आलेला दगड म्हणजे नगरसेवकाकडे तक्रार. इथे उलटं. साठच्या दशकात उत्तर फ्रान्समधल्या गावांनीही आपल्यासारखाच विचार केला होता. पॅरिस-रूबे टीव्हीवर दिसायला लागली तशी महापौरांना लाज वाटायला लागली, आपल्या गावचे हे असले रस्ते सगळ्यांना दिसणार! भराभर डांबर पडलं. शर्यतीचे लोक हवालदिल झाले आणि खराब रस्ते शोधत हिंडायला लागले. खराब रस्त्याच्या शोधात अधिकारी, ही कल्पना आपल्याकडे कुणाला पटणार नाही. शेवटी जाँ स्टाब्लिन्स्की नावाच्या सायकलपटूनं आरेनबेर्गच्या जंगलातला सरळसोट दगडी रस्ता सुचवला. तो पूर्वी तिथल्याच कोळशाच्या खाणीत कामाला होता. ज्या रस्त्याखाली राबला त्याच रस्त्यावर पुढे सायकल हाणणारा. 1968 पासून तो रस्ता शर्यतीत आला, आणि तिथे किती हाडं मोडली याचा हिशेब आता ठेवणं कठीण. 1998 ला योहान म्युसेउ या बेल्जियन सायकलपटूचा गुडघा तिथेच फुटला. जखम इतकी चिघळली की पाय जातोय का राहतोय अशी वेळ आली. 2000 साली तो रूबे जिंकला तेव्हा शेवटच्या रेषेवर त्यानं तोच पाय वर उचलून दाखवला.

आता त्याच दगडांची निगा राखायला रूबेच्या चाहत्यांची संघटना आहे. ही माणसं फावडी घेऊन जातात, निसटलेला दगड पुन्हा बसवतात, मधली माती भरतात. खराब रस्ता नीट खराब राहावा म्हणून श्रमदान!

फ्रेंच लोक या दगडी रस्त्याला 'पाव्हे' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या कानाला ते आजीच्या तोंडचं, नवसातलं क्रियापद वाटलं. आणि पुढे अर्थही तोच निघाला. 2023 साली रूबेच्या शेवटच्या अवघड टप्प्यात वाउट फान आर्ट आणि मात्यू फान देर पूल पुढे निघाले होते. दोघे लहानपणापासूनचे स्पर्धक. त्याच दगडांवर फान आर्टचं चाक बसलं आणि फान देर पूल एकटा निघून गेला. दगड एकाला पावला, दुसऱ्यावर कोपला. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर चौथऱ्यावर बसवलेला दगडच. आपण दगडाला शेंदूर फासतो, हे लोक त्याचा मुका घेतात.

पावसाचंही तसंच. इतर खेळांत लोक ऊन मागतात. मेनेर चिखल मागतात. 2002 च्या चिखलानंतर रूबेला खरा पाऊस लागला तो थेट 2021 मध्ये, तोही करोनामुळे शर्यत ऑक्टोबरात ढकलली म्हणून. मधली एकोणीस वर्षं ही माणसं दर एप्रिलला आभाळाकडे बघत होती. आमच्याकडे पाऊस लांबला की पोरं धोंडी मागत दारोदार फिरायची, ते मी मेनेरना सांगितलं. धोंडी म्हणजे काय विचारलं, तर मी म्हटलं, धोंडा म्हणजे दगडच. ते एकदम गंभीर झाले. "आणि पडतो पाऊस?" म्हणाले.

त्यांचं दुःख मात्र वेगळंच आहे. टॉम बोनन. चार वेळा रूबे जिंकलेला, आणि 2016 ला पाचव्यांदा जिंकणारच होता. त्या वर्षी ओमलोपमध्ये मॅथ्यू हेमन नावाच्या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचा हात मोडला. कित्येक आठवडे गॅरेजमध्ये एका जागी ठोकलेल्या सायकलवर पाय मारत बसलेला माणूस, रूबेची पंधरावी खेप, कुणाच्या कागदावर त्याचं नाव नाही. आणि शर्यत जिथे संपते त्या मैदानात तो बोननच्या पुढे गेला. मेनेरच्या मते दोष हेमनचा नाही, त्या गॅरेजचा आहे. "बाहेर पाऊस पडत होता, पोरी," ते मला दरवर्षी सांगतात (मी 43 वर्षांची आहे, तरी पोरीच), "तो सुकासुका आत बसला. ताजातवाना आला. हे काय न्यायाचं झालं?"

ओमलोपच्या आदल्या संध्याकाळी परवा त्यांच्याकडे गेले. दरवाज्याशी घडीची खुर्ची, थर्मास आणि पिवळा-काळा सिंहाचा झेंडा ठेवलेला. गेल्या वर्षीच म्हणाले होते की गुडघे ऐकत नाहीत, आता घरूनच बघणार. त्याच्या आदल्या वर्षीही म्हणाले होते.

"उद्या पावसाची शक्यता चाळीस टक्के आहे," मी म्हटलं.

"कमी आहे," ते म्हणाले, आणि फ्रिजकडे बोट दाखवलं. "रूबेची रेघ तुझ्यासाठी ठेवलीय. लिही."

मी दरवर्षीप्रमाणे फान आर्टचं नाव लिहायला गेले. त्या जागी खोडून खोडून कागद इतका झिजला होता की 'आर्ट' थेट फ्रिजच्या पत्र्यावर उमटलं. मी पुसायला हात पुढे केला.

"राहू दे," मेनेर म्हणाले. "फ्रिज मी एवढ्यात बदलत नाही."