बाण वर नेला

बापूंनी आवाज चढवला नाही, तेच लागलं. बेदाण्याच्या साइटच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम, उबुंटू, 22.04 वरून 24.04 वर नेताना मशीनने प्रश्न विचारला, मी न वाचताच उत्तर दिलं आणि सर्व्हरबाहेर अडकलो. हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ते असू दे. पण त्यानं नेमकं इचारलं काय हुतं?" मला सांगता येईना.

काय विचारलं होतं ते मागाहून लॉगमध्ये वाचलं. एसएसएचच्या, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीच्या, सेटिंगची फाइल तुम्ही हाताने बदललेली दिसते. पॅकेजची नवी घ्यायची की आहे ती ठेवायची? त्या चौकटीत कर्सर आपणहून 'आहे ती ठेवा'वर उभा असतो. डोळे मिटून एंटर दाबलं असतं तरी निभावलं असतं. मी मुद्दाम बाण वर नेला आणि मग दाबलं. चूक करायला कष्ट घेतले.

त्या फाइलमध्ये माझी ओळ एकच होती, पोर्ट 2222, म्हणजे आत यायच्या दाराचा नंबर. नव्या फाइलमध्ये ती नाही, म्हणजे एसएसएच परत मूळच्या 22 वर. आणि यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये उघडी फक्त साइटची 80, 443 आणि ही 2222. अपग्रेड चालू असताना हे जाणवत नाही, जुळलेलं कनेक्शन टिकून राहतं. उबुंटूचं अपग्रेड अडचणीसाठी म्हणून 1022 वर दुसरा एसएसएच उभा करतं. पण फायरवॉलमध्ये ते पोर्ट आपणच उघडायचं असतं, आणि रीबूटनंतर ते दारही जातं. रीबूटला होकार देण्याआधी 'एसएसएचडी'ला, म्हणजे एसएसएचच्या सर्व्हर-प्रोग्रॅमला, कॅपिटल टी देऊन चालवलं की तो कुठलं पोर्ट धरणार ते छापून दाखवतो. अर्धं मिनिट लागतं. घाई कुणाला होती? 22.04 ला 2027 पर्यंत दुरुस्त्या मिळणारच होत्या.

रीबूटनंतर 2222 वर तडक 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. 22 वर नुसती वाट, शेवटी 'टाइम्ड आउट'. दोन्ही नकारच, पण जात वेगळी. रिफ्यूज्ड म्हणजे मशीन जिवंत आहे, फायरवॉलने आत सोडलं, दारामागे मात्र कुणी नाही. टाइम्ड आउट म्हणजे फायरवॉलने डेटाचं पाकीट गिळलं. दोन्हीकडे शांतता असती तर पोटात गोळा आला असता: बूटच झालं नाही, की नेटवर्क कार्डाचं नाव बदलून नेटप्लॅनची, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंगची, फाइल जुन्याच नावाला धरून बसली? पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचा आकडा ऐकून, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, सांगलीचा माणूस घरबसल्या कुठल्या गल्लीत पाणी शिरलं असेल ते सांगतो. तसंच हे. सर्व्हर मुंबईत, मी सांगलीत, विश्रामबागेत.

एवढं ओळखता येतं, आणि समोरचा प्रश्न वाचता येत नाही.

अपग्रेडच्या आधीचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, होता. पण मागे गेलो असतो तर तोच प्रश्न पुन्हा समोर. वेब कन्सोल उघडला तर लॉगिनला पासवर्ड हवा, आणि इथे सगळा कारभार एसएसएचच्या किल्लीच्या फाइलवर, पासवर्ड नाहीच. शेवटी रेस्क्यू मोड: दुसऱ्याच छोट्या सिस्टिमवरून बूट, 'एलएसब्लॉक'ने आपली डिस्क ओळखायची, तिचं मोठं पार्टिशन माउंट करायचं, म्हणजे आतल्या फाइली हाती येतात. जुनी फाइल 'यूसीएफ-ओल्ड' अशी शेपटी लावून शेजारीच पडली होती, फेकलेली नव्हती. ती परत ठेवता आली असती. त्याऐवजी शेजारच्या 'एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी' फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल केली, नावाच्या शेवटी डॉट कॉन्फ. मुख्य फाइलला हातच लावला नाही, की पुढच्या वेळी त्याला विचारायचं कारण उरत नाही. (चालू मशीनवर पोर्ट बदलायचं असेल तर 24.04 मध्ये नुसती एसएसएच सर्व्हिस रीस्टार्ट करून उपयोग नाही. आधी डीमन-रीलोड, मग एसएसएच-सॉकेट रीस्टार्ट.)

आत गेलो तर साइटवर 502, म्हणजे वेब सर्व्हरला मागचा प्रोग्रॅम सापडेना. हे ठरलेलंच. पीएचपी 8.1 चं 8.3 झालं, वेब सर्व्हर एनजिनएक्स अजून 8.1 च्या सॉकेटचा पत्ता शोधत होता. पत्त्यातला एक आकडा बदलला, 8.3 ची मायएसक्यूएल पुरवणी टाकली, एनजिनएक्स रीलोड.

मग जरा हसू आलं. मशीन रांगेने विचारत गेलं, त्याची काय चूक? आमच्याकडे कागद न वाचता सही करणाऱ्याला काय म्हणतात ते बापूंनी म्हटलं नाही, एवढंच. त्यांना फोन करून आता तरी नीट सांगावं म्हटलं, तर त्यांचाच आला. बेदाण्याचे फोटो चढत नाहीत. पीएचपी 8.3 ची आयएनआय, म्हणजे सेटिंगची, फाइल नवीकोरी असते, त्यात अपलोडची मर्यादा 2 एमबी. आपण वाढवलेली 20 जुन्या 8.1 च्या फाइलमध्येच राहिली.

हे मात्र त्यानं विचारलंच नव्हतं.