बर्फ ओढून तोडताना, नोंद सातवी: अखेर मानेतच तुटला

गेल्या तीन आठवड्यांत एकवीस तुकडे ओढले, त्यातले चौदा बरोबर मानेत, म्हणजे मधल्या अरुंद भागात, तुटले. मागच्या नोंदीत हे प्रमाण दहात दोन होतं, म्हणून आधी पकडीबद्दल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: तुकडा डमरूच्या आकाराचा, मान १५ बाय २० मिलिमीटर, म्हणजे ३०० चौरस मिलिमीटर. वरचं डोकं जबड्यात, खालचं एकास तीनच्या तरफेला, तरफेच्या टोकाला बादली. बादलीत नळीने पाणी सोडायचं, ‘टक्’ ऐकू आलं की नळी बंद. बादली तोलायची, तीनने गुणायचं. मानेवर १ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताण यायला साधारण साडेतीस किलोची ओढ लागते.

आधी मी डोक्यात लोखंडी हूक गोठवत होतो. लालबागच्या आमच्या खोलीत दुपारी ३२ अंश. ती ऊब लोखंडातून थेट बर्फात शिरायची आणि हुकाभोवती पाणी सुटायचं. शिवाय ओढ जराशी तिरकी झाली तरी मान वाकते, एका कडेवर ताण वाढतो आणि तुकडा भलतीकडेच जातो. आता सागवानी जबडे केलेत, आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचं अस्तर. जबडे रात्रभर फ्रीझरमध्येच ठेवतो. दोन्ही टोकांना गळाच्या दोरीला लावतात तसा फिरता स्विव्हल आहे, त्यामुळे दोरीचा पीळ तुकड्यापर्यंत पोचत नाही. ओढण्याचं सगळं काम थर्मोकोलच्या खोक्यात, फ्रीझरमधून काढल्यापासून दीड मिनिटाच्या आत.

दुसरी सुधारणा सुचली ती मासळीबाजारात. नेहमीच्या मावशी टोच्याने बर्फाची लादी फोडत होत्या. एवढी जाडजूड लादी इतक्या कमी घावांत कशी फुटते असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “अरे बाळा, मधली पांढरी रेघ बघ. तिच्यावर एक घाव घातला की लादी आपसूक दुभंगते.” कारखान्यात डबा गार मिठाच्या पाण्यात बुडवलेला असतो. पाणी चारी बाजूंनी आत गोठत येतं, विरघळलेली हवा आणि क्षार मध्याकडे ढकलले जातात, आणि समोरासमोरून वाढत आलेले स्फटिक तिथे भिडतात. माझ्या सिलिकॉनच्या साच्यात नेमकं हेच होत होतं! जुन्या मॉनिटरच्या दोन पोलरायझर फिल्ममध्ये (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या) पातळ काप धरून पाहिला, तर सात-आठ मिलिमीटरचे लांबट रंगीत कण, म्हणजे एकेक स्फटिक, आणि मधोमध शिवण.

म्हणून आता साच्यात आधी बारीक कुटून चाळलेला बर्फ भरतो आणि उकळून गार केलेलं, शून्य अंशाजवळचं पाणी वरून हळूच सोडतो. प्रत्येक कणीभोवती स्फटिक वाढतो आणि दीड-दोन मिलिमीटरचे सारखे कण मिळतात.

मोठ्या कणांचे सात तुकडे सरासरी ०.६५ मेगापास्कलला तुटले, बारीक कणांचे सात १.० ला. प्रयोगशाळांत उणे १० ते उणे २० अंशांना ०.७ ते ३.१ अशी मूल्यं मिळतात, म्हणजे माझे तुकडे खालच्या टोकाला आहेत. पृष्ठभागावरचे ओरखडे आणि बुडबुडे त्याला जबाबदार असावेत. पण कण बारीक तर ताकद जास्त, हा क्रम माझ्या स्वयंपाकघरात दिसला याचा मला फार आनंद आहे. बर्फात पहिली चीर साधारण एका कणाएवढी पडते. कण मोठा असेल तर ती चीर जन्मतःच इतकी लांब असते की त्याच ताणाला आरपार धावते. लहान असेल तर तिला पळवायला आणखी ताण लागतो. दाबताना मात्र एक चीर पुरत नाही, अनेक चिरा एकमेकींना मिळाव्या लागतात. म्हणूनच तोच बर्फ दाबाखाली ५ ते २५ मेगापास्कल सोसतो.

एकही तुकडा तुटण्याआधी मानेत बारीक झाला नाही. माझी बादली चाळीसेक सेकंदांत भरते, आणि तो वेग बर्फासाठी फारच जास्त आहे. सेकंदाला लांबीच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास, किंवा त्याहून सावकाश ओढला, तरच बर्फ न तडकता ताणला जातो. मुंबईच्या हवेत तितका वेळ थांबलं तर हातात पाणीच उरेल.

त्यामुळे संथ चाचणी जुन्या छोट्या फ्रीझरच्या आतच लावली आहे, उणे ८ अंशांना. हा फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा नाही, हे महत्त्वाचं. तसल्या फ्रीझरमध्ये दर काही तासांनी हीटर चालतो आणि सगळं वाया जातं. तुकड्याला प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळली आहे, नाहीतर कोरड्या हवेत बर्फ थेट वाफ होऊन मान झिजते. तरफेला तीन किलो, मानेवर सुमारे ०.३ मेगापास्कल. चार दिवसांत डायल गेज (बारीक सरक मोजणारी तबकडी) ९ घरं सरकला, म्हणजे ६० मिलिमीटरच्या मानेत ०.०९ मिलिमीटर. चीर एकही नाही. पहिल्या दिवशीच निम्मं सरकलं, नंतर वेग मंदावला.

बर्फाचे अभ्यासक जॉन ग्लेन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं की असा संथ प्रवाह ताणाच्या साधारण तिसऱ्या घातात वाढतो. हिमनद्या वाहतात त्या याच नियमाने. उद्या सकाळी दीड किलो वाढवणार आहे. ताण दीडपट, तर वेग साडेतीनपटीच्या जवळ जायला हवा. गेजचं रीडिंग दर सहा तासांनी घेतोय, रात्री दोनचं आई घेते.