काटा मध्यावर, पाणी उकळत

"टेंपरेचरचा काटा कधी मध्याच्या वर जात नाही, तरी पाणी उकळून बाहेर येतं," असं म्हणून त्या गृहस्थांनी चावी माझ्या हातात दिली. जुनी कार्ब्युरेटरची गाडी. थर्मोस्टॅट, पाणी तापलं की पंखा लावणारा फॅन स्विच, काट्याला तापमान कळवणारा टेंपरेचर सेन्सर, सगळं नवं घातलेलं. आता कुणीतरी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, खोलायला सांगितलं होतं. तोवर इंजिनाची थोडी उष्णता निघावी म्हणून ते भर उन्हात हीटर लावून गाडी चालवत होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मल्टीमीटर न लावता पार्ट बदलत सुटणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

फॅन स्विचची वायर काढून इंजिनाला टेकवली. रिले, म्हणजे पंख्याला करंट जोडणारा विजेचा स्विच, टक् वाजला, पंखा फिरला. म्हणजे मोटर आणि वायरिंग ठीक. इंजिन थंड झाल्यावर स्विच काढला, पातेल्यातल्या पाण्यात धरून तापवला. ९२ अंशांना मीटरने बीप दिली. स्विचही चांगला. मग गाडीत बसवला की मुका का होतो?

पुसताना नजर आट्यांवर गेली. टेफ्लॉन टेपचे जाड वेढे! असल्या स्विचला आणि सेन्सरला एकेकच वायर असते. अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, मिळते ती आट्यांमधून. पाना आवळताना बहुतेक वेळा टेप फाटून धातूला धातू लागतो, म्हणून हा दोष पटकन कुणाच्या मनात येत नाही. सेन्सर अजून जागेवरच होता. त्याच्या षटकोनी डोक्यापासून इंजिनापर्यंत रेझिस्टन्स मोजला: ६० ओहम. तिथे जवळजवळ शून्य हवं. पाणी तापतं तसा सेन्सरचा रेझिस्टन्स उतरतो आणि काटा चढतो. त्यात हे वरचे ओहम मिळाले की काट्याच्या लेखी पाणी कोमटच. स्विचचंही तेच: रिलेच्या कॉइलला पुरेसा करंटच पोचत नव्हता.

दोन्हींचे आटे ब्रशने घासले, भोकातले टेपचे तुकडे वेचले, टेपऐवजी तांब्याचे नवे वॉशर घातले. कूलंट भरून, हवा काढून इंजिन चालू ठेवलं. आम्ही दोघं काट्याकडे बघत उभे. काटा मध्यावर आला, पहिल्यांदाच पुढे सरकला. टक्. पंखा सुरू झाला आणि काटा हळूहळू खाली आला.

गृहस्थांनी खिडकीतून हात घालून हीटर बंद केला.